वकीलसाहेबांची मुकी मोटार

मी बी.ए. झाल्याची बातमी ज्या दिवशी आली, त्याच दिवशी हबीब वकिलांनी मला त्यांच्या मोटारीच्या डिकीत बंद केलं.

आमच्या घराण्यात स्वतःची सही करणारा मी पहिला माणूस. आईवडील तिकडं माकणीच्या बाजूला शेतात राबत होते, त्यांना बी.ए. म्हणजे काय हे सांगायला मला अजून गावी जायचं होतं. पेढ्याचा पुडा घेऊन मी सर्वांत आधी वकीलसाहेबांकडे गेलो, कारण त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत राहून, दिवसा शाळेत शिकवून, मी परीक्षेचा अभ्यास केला होता. त्यांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश संपवला आणि म्हणाले, "मुबारक, मास्तर. आता तुम्ही पदवीधर झालात. आता तुमच्या कानावर भरवसा ठेवायला हरकत न्हाय. चला, डिकीत बसा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली तेव्हा कळलं की थट्टा नाही.

"मागून कुठून तरी कटकट येते. पुढं बसून पत्ता लागत न्हाय. आत बसा, ध्यान देऊन ऐका आणि कुठून येते ते मला सांगा. अडाणी माणसाला बसवलं असतं, पण तो घाबरून काहीतरी भलतंच सांगेल."

वरून झाकण पडलं. येडशीच्या रस्त्याला बराच लांबवर जाऊन गाडी परत आली. मी बाहेर निघालो तेव्हा निकालासाठी शिवलेला शर्ट ग्रीसनं काळा झाला होता आणि पाय सरळ होत नव्हते.

"बोला. आवाज कुठला?"

"साहेब, मला तरी माझ्या गुडघ्यांचाच ऐकू आला."

ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "तुमचे गुडघे आज बसले. कटकट उन्हाळ्यापासूनची आहे. पुरावा जुळत न्हाय."

हबीब वकील म्हणजे सहा फूट उंच, काटकुळा माणूस. शेरवानी घालायचे, आणि कोर्टात जाताना तिच्यावरच काळा कोट चढवायचे. निजामाच्या अमदानीत कोर्टाचं सगळं काम उर्दूत चालायचं, तेव्हा त्यांचा मोठा दबदबा होता. विलीनीकरणानंतर कारभार मराठीत आला आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस पाटी घेऊन माझ्यासमोर बाराखडी गिरवायला बसला. मी शाळामास्तर, त्यांचा भाडेकरू. त्यांनी माझ्याकडून भाडं घेणं त्या दिवसापासून बंद केलं. वर परीक्षेची पुस्तकं आणून दिली, आणि मी तापानं पडलो तेव्हा उशाशी बसून मला इतिहास वाचून दाखवला. म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात जरा जपूनच चालतो. पण मोटारीच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते जपून लिहिता येण्यासारखं नाही.

ती मोटार त्यांनी एका जहागीरदाराकडून जुनी घेतली होती. विलायती, काळी, लांबलचक. धाराशिवात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. ज्याच्याकडे मोटार, तो हॉर्न वाजवत बाजारातून दोनदा जास्त जायचा. वकीलसाहेबांनी मोटार आणल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे हॉर्न काढून टाकला. पुढं माणूस, म्हैस, टांगा काहीही आलं की ते गाडी उभी करायचे, खिडकीतून डोकं बाहेर काढायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "अजी, जरा मेहेरबानी." माणसं सरकायची. म्हशींना वेळ लागायचा.

"हॉर्न नसला तर अपघात होईल, साहेब," मी म्हणालो.

"हॉर्न हा आवाजच आहे ना, मास्तर? घरातली घाण काढायची आणि दारात उकिरडा ठेवायचा, हे कसं चालेल?"

त्यांना हवी होती मुकी मोटार. इंजिनाचा नाही, रस्त्याचा नाही, वाऱ्याचा नाही, कसलाच आवाज आत येता कामा नये. हे खूळ कशापायी, ते त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी खाला म्हणजे मावशी म्हणायचो, मोटारीत बसत नसत. रेल्वेचं तर नावच काढायचं नाही. एकुलती एक मुलगी सुरैया सोलापूरला दिली होती. तिच्या लग्नानंतर खालांनी तिचं घर पाहिलंच नव्हतं. मुलगीच येऊन भेटून जायची.

"गाडी घरी आणली त्या दिवशी तिला मागं बसवलं," वकीलसाहेबांनी सांगितलं. "खिडक्यांना पडदे लावले. दार लावून घेतलं. पुढं जाऊन हँडल मारलं. गाडी सुरू झाली आणि बघतो तर ही दुसऱ्या दारानं उतरून घरात. पाणी पाजलं. काय झालं म्हणून सांगेना. पण सांगायला कशाला पाहिजे? पुरावा समोर आहे. निजामाचं राज्य गेलं त्या अठ्ठेचाळीस सालच्या गडबडीत मी हैदराबादेत अडकलो होतो, मास्तर. ही आणि सुरैया दोघीच इथं. शेजारच्या पाटलांनी दोघींना त्यांच्या बळदात लपवलं."

बळद म्हणजे धान्य साठवायची अंधारी, बिनखिडकीची खोली. आमच्याकडे मोठ्या शेतकऱ्यांच्या घरात असते.

"बाहेर लॉऱ्या फिरायच्या. तो आवाज तिच्या कानात बसलाय. मोटार म्हटली की तोच ऐकू येतो. आवाज काढून टाकला की भीती गेली. साधी गोष्ट आहे."

"खालांना विचारून बघितलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी असभ्य बोलून गेलो असावा. "असल्या गोष्टी विचारत न्हाईत, मास्तर. खपली धरलेली जखम आहे. आपण आपलं काम करायचं."

आणि ते काम करत राहिले. आधी गाडीच्या तळाला नमदा आला. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो लोकरीचा जाड थर म्हणजे नमदा. बसगाड्या आल्यामुळं टांगे कमी होत चालले होते, त्यामुळं टांगेवाल्यांकडे जुना नमदा पडून होता. वकीलसाहेबांनी सगळ्या गावातला गोळा केला. पावसाळ्यात त्या मोटारीला घोड्याचा वास यायचा. रस्त्यातली टांग्याची घोडी तिच्याकडे मान वळवून बघायची आणि खिंकाळायची. मग वकीलसाहेब कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "हा आवाज बाहेरचा आहे, तो धरायचा न्हाय."

मग त्यांना शोध लागला की आवाज रस्त्यातच असतो. "खडी बोलते, मास्तर. माती बोलत न्हाय." तेव्हापासून त्यांनी सरकारी रस्ता सोडला. रस्त्याच्या कडेनं बैलगाड्यांची चाकोरी असते, मऊ फुफाट्याची. त्या चाकोरीत चाकं घालून ते मोटार चालवू लागले. एकदा आम्ही तुळजापूरला निघालो होतो. चाकोरी वळली, तशी गाडी वळली. वकीलसाहेब डोळे अर्धे मिटून शांतता ऐकत होते, मी भिडेपोटी गप्प होतो. गाडी थांबली तेव्हा आम्ही एका खळ्याच्या मधोमध होतो. मळणी चालली होती. तिवड्याच्या खांबाला बांधलेले बैल आमच्याभोवती फिरायचे थांबले. खळ्याचा मालक तोंडात बोट घालून उभा राहिला.

"रामराम," वकीलसाहेब खिडकीतून म्हणाले. "तुमची वाट लई छान आहे. आजिबात आवाज न्हाय."

"व्हय," तो माणूस म्हणाला, "पण ती हितंच संपती."

तरी दारांची घरघर राहिलीच होती. पत्रा पोकळ, म्हणून वाजतो, असा निष्कर्ष काढून त्यांनी दारांची आतली फळी उघडली आणि पोकळीत कडब्याची कुट्टी ठासून भरली. खरोखर दारं शांत झाली. त्या आनंदात ते मला घेऊन येडशीच्या बाजाराला गेले. गाडी झाडाखाली लावली आणि आम्ही चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा मोटार दिसत नव्हती. दिसत होत्या फक्त शेळ्या. आमच्याकडच्या त्या काळ्याभोर, लांब कानांच्या शेळ्या. काही चाकांवर पुढचे पाय टेकून उभ्या, काहींची डोकी खिडकीतून आत, आणि एक बया तर टपावर. दाराची फळी त्यांनी शिंगांनी उचकटली होती आणि सगळ्या मन लावून खात होत्या.

वकीलसाहेब जागच्या जागी गोठले. मीही. मोटार खाल्ली जाताना आम्ही दोघांनीही कधी पाहिली नव्हती.

"बाई!" ते शेळ्यांच्या मालकिणीला म्हणाले. रागावले तरी त्यांचा आवाज चढत नसे. "तुमच्या शेळ्यांनी माझं दार खाल्लं!"

ती बाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. तिनं दारात वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आवं वकीलसायब, ही मोटार हाय का गव्हाण? दारात कडबा कोन भरतंय?"

"हा माझा खाजगी मामला आहे. दुसऱ्याच्या मालाला तोंड लावणं हा गुन्हा आहे."

"मग तिला सांगा की कायदा. मला कशाला सांगतायसा? कडबा दिसला तर शेळी काय कोर्टात जाऊन इचारून येती व्हय?"

बाजार हसत होता. वकीलसाहेबांनी टपावरच्या शेळीला हात जोडून खाली उतरवलं. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "बाईचा मुद्दा बरोबर होता."

पण याहूनही मोठा धक्का मला गणपतरावांच्या तारखेला बसला. गणपतराव म्हणजे भूमकडचे बडे शेतकरी, वकीलसाहेबांचे जुने पक्षकार. देह दणकट, पटका मोठा. त्यांची जमिनीच्या वादात तारीख होती. त्या सुमारास वकीलसाहेबांचं वैर वाऱ्याशी चाललं होतं. काचेच्या फटीतून वारा शीळ घालतो, ती बंद करायची होती. त्या सकाळी खालांनी पोळ्यांसाठी मळून ठेवलेली कणीक परातीसकट नाहीशी झाली. वकीलसाहेबांनी ती काचांच्या आणि दारांच्या फटींत अंगठ्यानं दाबून भरली. खालांनी दुसरी कणीक मळली. त्या कधीच काही बोलत नसत. इतकी वर्षं मी त्या घरात राहिलो, पण पडद्याआडून जेवणाचं ताट पुढं करणारा हात आणि बांगड्यांची किणकिण, एवढीच माझी त्यांची ओळख.

गणपतराव मागं, मी पुढं. शीळ खरंच बंद झाली. पण आश्विनातलं ऊन होतं. कणकेनं ऊन खाल्लं आणि ती दगड झाली. वकीलसाहेबांनी स्वतःच्या बाजूच्या दाराला कणीक लावली नव्हती, त्यामुळं आम्ही दोघं त्या दारानं उतरलो आणि त्यांनी सवयीनं ते लावून घेतलं. मागचं दार मात्र हलेना. मागून पुढच्या सीटवर यावं तर गणपतरावांचा देह मधल्या जागेत मावेना. कोर्टाच्या व्हरांड्यातून पट्टेवाला गणपतरावांच्या नावानं पुकारा करू लागला. गणपतराव आतून काचेवर बुक्क्या मारत होते. तोंड उघडत होते, मिटत होते, चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता.

मी घाबरून वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"पाहिलंत, मास्तर? आतला आवाज बाहेर येत न्हाय! म्हणजे बाहेरचा आत जात न्हाय!"

"साहेब, ते मरतील!"

तेव्हा कुठं ते भानावर आले आणि पुढचं दार उघडून आत वारा सोडला. लोहाराला बोलावून छिन्नीनं कणीक फोडली. गणपतराव बाहेर येऊन कोर्टाच्या पायरीवर बसले. पटका काढून त्यानंच वारा घेत राहिले. तोवर पुढची तारीख पडली होती. दम परतल्यावर ते म्हणाले, "वकीलसायब, तुरुंग परवडला बघा. तिथं गज तरी असत्यात."

वकीलसाहेबांनी त्यांची मनापासून माफी मागितली, स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. पण घरी येताच कणकेच्या जागी काय वापरावं याचा विचार सुरू केला आणि कासाराकडून बांगड्यांची लाख आणली.

त्यांना घाई झाली होती. सुरैयाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे ठरलेलंच. पण सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिची तब्येत पाहून प्रवासाला साफ मनाई केली. तसा निरोप घेऊन जावयाचा भाऊ आला. मुलगी येऊ शकत नाही, म्हणजे आईनं जायला पाहिजे. पोरीला सासू नव्हती, जवळ बाईमाणूस कुणी नव्हतं. निरोप ऐकून पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"थंडीत होणार," वकीलसाहेब मला म्हणाले. "तोवर गाडी मुकी झाली न्हाय तर माझी पोर एकटी पडेल. मी नसताना एकदा एकटी पडली होती. आता पुन्हा न्हाय."

पुढचे दिवस त्यांनी कोर्टाकडे जवळजवळ पाठ फिरवली. मागच्या काचा लाखेनं कायमच्या बसवल्या, त्यांच्यावर दुसरी काच चढवली. छताला गोधड्या, दारांत घोंगड्या, पायाखाली पुन्हा नमदा. पडदे दुहेरी. मग परीक्षा. मी मागं बसून पुटपुटायचं आणि त्यांनी पुढून ओळखायचं. मी तालुक्यांची नावं घ्यायचो. परंडा. कळंब. उमरगा. ते बिनचूक सांगायचे. त्या माणसाचे कानच तसे होते. स्वयंपाकघरात मांजर दुधाकडे निघालं तरी ते ओसरीवरून हटकायचे. शेवटी मी नुसते ओठ हलवावेत इतक्या हळू "भूम" म्हणालो आणि ते लगेच म्हणाले, "भूम!" गाडी थांबवून त्यांनी डोळे पुसले. मोटार मुकी झाली होती.

निघायचा दिवस उजाडला. मार्गशीर्षातली सकाळ. खाला बुरखा घालून बाहेर आल्या. एका हातात झबली-टोपड्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा मोठा पितळी डबा. दारापाशी त्या थांबल्या. वकीलसाहेब दार धरून उभे होते, एखाद्या न्यायाधीशासमोर उभे असावेत तसे.

"एकदा बसून तर बघ," ते म्हणाले. "काही ऐकू येणार न्हाय. माझा शब्द."

खाला बसल्या. बहुतेक सुरैयासाठी बसल्या. दार लागलं, उशीवर उशी ठेवावी तसं. मी पुढं बसलो, कारण वाटेत काही वाजलं तर शोधायला माणूस हवा होता.

गाडी निघाली. खरं सांगतो, मला स्वतःलाच कसंतरी व्हायला लागलं. बाहेर झाडं मागं पळत होती, बैलगाडीवाला बैलांना हाकारत होता, पण ते सारं मुक्यानं चाललेलं. आपण मेलो असून कुणीतरी आपल्याला उचलून नेत आहे, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मागच्या बाजूला अंधार. खालांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो जोरजोरात चालला होता. वकीलसाहेबांना तो नक्कीच ऐकू येत होता, पण त्यांच्या मते भीती ओसरायला वेळ लागणारच. ते पुढं बघून हसतमुखानं म्हणाले, "पाहिलंस? काही न्हाय. कुठं काही न्हाय."

आणि माझ्या कानाशी स्फोट झाला.

मी ओरडलो. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. मागं वळून पाहिलं तर खालांनी पितळी डब्याच्या एका दणक्यात दोन्ही काचा फोडल्या होत्या. पडदा फाटून लोंबत होता. लाडू सीटवर, पायांत, सगळीकडे घरंगळले होते. आणि त्या फुटक्या खिडकीतून खाला तोंड बाहेर काढून, पाण्यात बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा श्वास घेत होत्या.

वकीलसाहेबांनी धावत जाऊन दार उघडलं. खाला उतरल्या, चार पावलं शेतात गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. हाताला काच लागली होती. मी रुमाल दिला, तो वकीलसाहेबांनी बांधला.

"आवाज तर काहीच न्हवता," ते शेवटी म्हणाले. "मी शब्द दिला होता. लॉरीसारखा काहीच आवाज..."

"लॉरीला मी कधी भ्याले?" खाला म्हणाल्या.

मी दूर सरकायला हवं होतं, पण तिथंच उभा राहिलो. त्या त्यांच्या घरच्या दखनी बोलीत बोलत होत्या, मी माझ्या मराठीत लिहितो आहे.

"लॉरी आली की मला बरं वाटायचं. सुरैयाला खोकला झाला होता. बळदात श्वास टाकला तरी बाहेर कळेल, असं पाटलीणबाईंनी बजावलं होतं. मी पोरीचं तोंड हातानं दाबून धरायची. लॉरी आली, घरघराट झाला, की हात काढायची. पोर खोकून घ्यायची. तेवढ्यात मी तिच्याशी बोलून घ्यायची. अब्बा येतील, सांगायची. लॉरी गेली, की परत दाबायचं. आवाज थांबला, की ती माझ्या हाताखाली निळी पडायची. मी देवाकडे लॉरी मागायची, तुम्हांला ठाऊक आहे?"

वकीलसाहेब उभे होते ते हळूहळू खाली बसले, तिथंच, ढेकळांवर, शेरवानीसकट.

"तुम्ही गाडी आणलीत, पडदे लावलेत, दार लावलंत. मला वाटलं, परत आत घातलं. मी उतरले. मग तुम्ही तर ती आणखीच बंद करत गेलात. रोज बघायची. गोधड्या भरताय, घोंगड्या भरताय. मला कळेना, हे माझ्यासाठी बळद का बांधतायत."

"मला बोलली का न्हाईस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

कोर्टात साक्षीदारांना घाम फोडणारा हा माणूस. पाटलापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांची त्यानं उलटतपासणी केली होती. घरातली एक साक्ष त्यानं घेतली नाही, का, तर तिला दुखेल म्हणून. तो ढेकळांत बसून स्वतःच्या दोन हातांकडे बघत होता. मला वाटलं, आता हा रडेल. ते रडले असते तर मला कमी धक्का बसला असता.

ते उठले. गाडीचं चाक काढायचा लोखंडी दांडा घेतला आणि मागची उरलेली खिडकी एका घावात फोडली. मग पडदे ओढून काढले. छताच्या गोधड्या टराटरा फाडल्या. दारांतल्या घोंगड्या आतडी ओढावीत तशा बाहेर ओढल्या. नमद्याचे थर उचकटून बाभळीवर फेकले. ज्या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो धापा टाकत, तोंडानं "हं! हं!" करत स्वतःची कित्येक महिन्यांची मेहनत मोडत होता. मी मदतीला पुढं झालो तर मला हातानंच मागं लोटलं. थोड्या वेळानं पाहतो तर खाला आमच्याकडे वळल्या होत्या. त्या वाकून नमद्याचं एक टोक धरून ओढू लागल्या. त्यांना मात्र त्यांनी लोटलं नाही.

काचा झटकल्या, लाडू वेचले, आम्ही परत बसलो.

"पोर वाट बघत असेल," खाला म्हणाल्या. "चला. आणि बोलत चला."

गाडी सुरू झाली आणि जन्मभराचा आवाज एकदम बाहेर पडला. पत्रा थडथडत होता, दारं आदळत होती, वारा एका खिडकीतून शिरून दुसऱ्या खिडकीतून ओरडत जात होता. वकीलसाहेबांना बोलायचं होतं आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं. मग त्यांनी मोठ्यानं कूळकायदा समजावून सांगायला सुरुवात केली.

"हे नको," मागून आवाज आला. "दुसरं काहीतरी."

कूळकायदा तिथंच थांबला. घाट उतरू लागलो. पुढं एक बैलगाडी चालली होती. तिच्याजवळ आलो तेव्हा खाला पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, "मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं?"

"काय?" वकीलसाहेब म्हणाले.

"मुलगी झाली तर! नाव!"

"काय म्हणतेस?"

खालांनी आमच्या दोघांच्या सीटच्या मधल्या जागेत तोंड घातलं आणि साऱ्या ताकदीनिशी ओरडल्या. बैलगाडीवाला दचकून मागं वळला. बुरख्यातली बाई मोटारीतून नातीच्या नावासाठी ओरडते आहे, हे त्या रस्त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असेल. ओरडून झाल्यावर त्यांना स्वतःलाच हसू आलं, आणि ते हसू त्यांनी आवरलं नाही.

मी वकीलसाहेबांच्या शेजारीच बसलो होतो. मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं. मग त्या कानांना आलं नसेल, हे मी शपथेवरही मान्य करणार नाही. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. डोळ्यांतून पाणी वाहून शेरवानीच्या कॉलरवर पडत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. मान जराशी मागं कलती केली आणि म्हणाले, "ऐकू आलं न्हाय. परत एकदा सांग."